हिमोफिलिया असलेल्या मुलाची घरी घ्यायची काळजी: सूज दिसण्याआधीची तयारी

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार. तो असलेल्या मुलाचा गुडघा किंवा घोटा कायमचा निकामी होतो, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा उपचारांना झालेला उशीर असतो. सांध्यात रक्त उतरू लागल्यापासून सूज डोळ्यांना दिसेपर्यंत काही तास जातात, आणि त्या तासांत घरातली माणसे ‘जरा बघू, उद्या नेऊ’ असे म्हणत थांबतात. हा लेख त्या तासांसाठी आहे. त्यात सांगितलेली तयारी आधीच करून ठेवलेली असेल तर रात्री दोन वाजतासुद्धा काय करायचे हे घरातल्या कोणालाही कळते. औषधाची मात्रा आणि वेळापत्रक मात्र तुमच्या मुलाला तपासणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांनीच ठरवायचे असते.

आधी निदान पक्के करा

रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने, म्हणजे फॅक्टर, एकामागून एक कार्यान्वित होतात. त्यांतील आठवा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया ‘ए’ आणि नववा कमी असेल तर हिमोफिलिया ‘बी’ असे म्हणतात. साधारण ५००० मुलग्यांच्या जन्मांमागे एकाला ‘ए’ प्रकार आढळतो. ‘बी’ त्याहून बराच दुर्मीळ आहे. बाळ रांगू लागले की गुडघ्यांवर आणि छातीवर काळेनिळे डाग दिसू लागतात, लस टोचलेली मांडी टणक होऊन सुजते, ओठ किंवा जीभ चावली गेली की थांबून थांबून दोन-दोन दिवस रक्त येत राहते. सुंता केल्यानंतर किंवा कान टोचल्यानंतर रक्त न थांबणे, हीही अनेक घरांत पहिली खूण ठरते.

हा आजार जनुकांतून, सहसा आईकडून येतो, म्हणून अशी शंका आली की घरातल्या वडीलधाऱ्यांना आईकडच्या नात्यांविषयी विचारावे. आईच्या भावाला, आईच्या मामाला किंवा मावशीच्या मुलाला लहानपणी सांधे सुजण्याचा त्रास होता का, दात काढल्यावर कोणाचे रक्त थांबले नव्हते का, हे प्रश्न डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. नात्यात कोणीच सापडले नाही म्हणून हिमोफिलिया नाही असे समजू नये, कारण सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा जनुकीय बदल त्या कुटुंबात पहिल्यांदाच झालेला असतो. आणि आईकडून आला म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांना स्पष्ट सांगितले पाहिजे की यात तिचा कोणताही दोष नाही. दोषारोपाने मुलाचे उपचार लांबतात, हे नुकसान खरे असते.

पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्या आहेत. तपासणीत प्लेटलेटची संख्या आणि पीटी सहसा सामान्य येतात, एपीटीटी मात्र लांबलेला येतो. सौम्य प्रकारात एपीटीटीसुद्धा कधीकधी सामान्य दिसतो, म्हणून शंका दाट असेल तर फॅक्टरची प्रत्यक्ष पातळी मोजून घ्यावी. ही पातळी १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि ५ ते ४० टक्के असेल तर सौम्य मानतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे आणि रक्त गोठण्याच्या विकारांच्या सखोल तपासण्यांसाठी ती ओळखली जाते. जिल्हा रुग्णालयातून तिथे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवणी मागता येते.

मुलींना हिमोफिलियाचा त्रास सहसा होत नसला तरी ज्या मुलीला पाळी सुरू झाल्यापासून अति रक्तस्राव होतो, वारंवार नाकातून रक्त येते, तिची फॉन विलब्रँड या रक्त गोठण्याच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठी तपासणी व्हायला हवी. तो मुलग्यांना आणि मुलींना सारखाच होतो आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणून वर्षानुवर्षे नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर काढला जातो.

कागद, पिशवी आणि रस्ता

निदान झाल्यावर त्याच आठवड्यात तीन गोष्टी तयार कराव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे एक कार्ड. त्यावर मुलाचे नाव, आजाराचा प्रकार, फॅक्टरची टक्केवारी, रक्तगट, वजन, इन्हिबिटर (फॅक्टरच्या औषधाला निकामी करणारी प्रतिपिंडे) आहे की नाही, नेहमीच्या औषधाचे नाव आणि उपचार करणाऱ्या केंद्राचा दूरध्वनी असावा. ‘कमरेत किंवा दंडात इंजेक्शन देऊ नये, अॅस्पिरिन देऊ नये’ ही दोन वाक्ये ठळक अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत लिहावीत. कार्डाच्या प्रती दप्तरात, वडिलांच्या पाकिटात, शाळेच्या कार्यालयात आणि गावच्या घरी ठेवाव्यात. वजन दर सहा महिन्यांनी बदलून लिहावे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते.

दुसरी गोष्ट, पिशवी. घरी फॅक्टर, म्हणजे कमी असलेले तेच प्रथिन शिरेतून द्यायच्या औषधाच्या रूपात, ठेवण्याची परवानगी आणि शिक्षण मिळाले असेल तर त्याच्या व्हायल (छोट्या बाटल्या), सोबत येणारे पाणी, सिरिंज, बटरफ्लाय (पंख असलेल्या बारीक) सुया, स्पिरिटचे बोळे, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी लिहून दिले असल्यास ट्रानेक्सॅमिक अॅसिडच्या (तयार झालेली गुठळी टिकवणाऱ्या) गोळ्या एकाच जागी असाव्यात. फॅक्टर २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात किंवा दाराच्या खणात ठेवू नये, कारण गोठलेले औषध वाया जाते. काही उत्पादने ठरावीक काळ खोलीच्या तापमानात टिकतात, परंतु तो काळ प्रत्येक उत्पादनाचा वेगळा असल्याने खोक्यातील पत्रक वाचूनच ठरवावे. ज्या गावांत भारनियमनात वीज तासन् तास जाते तिथे थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या घालून, त्यांच्यावर जाड कापड ठेवून मग व्हायल ठेवाव्यात, म्हणजे काच थेट बर्फाला लागत नाही.

तिसरी गोष्ट रस्त्याची, आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. फॅक्टर कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळतो, रात्री आणि रविवारी तो कोणाच्या ताब्यात असतो, अपघात विभागातल्या डॉक्टरांना तो कोठून मागवायचा हे माहीत आहे का, याची चौकशी मूल बरे असताना एकदा जाऊन करावी. महाराष्ट्रात ठाणे, नाशिक, सातारा आणि अमरावती येथील शासकीय रुग्णालयांत हिमोफिलियासाठी डे-केअर केंद्रे सुरू झाली, आणि इतर जिल्ह्यांतील जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांतही फॅक्टर दिला जातो. परंतु साठा कधी कमी-जास्त होतो, म्हणून सुटीत कोकणात किंवा विदर्भात गावी जाण्याआधी तिथल्या रुग्णालयाला दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) या रुग्णसंघटनेच्या मुंबई, पुणे अशा शहरांतील शाखा या कामात कुटुंबांना मदत करतात. नव्याने निदान झालेल्या घराने तिथल्या एखाद्या अनुभवी पालकाशी जरूर बोलावे, कारण शीर कशी शोधायची हे त्या पालकाइतके सोपे करून क्वचितच कोणी सांगते.

सांध्यातला रक्तस्राव: पहिले दोन तास

तीव्र हिमोफिलियात मार न लागताही सांध्यात रक्त उतरते. गुडघा, घोटा आणि कोपर हे तीन सांधे सर्वांत जास्त भोगतात. बोलता येणारे मूल आधी सांगते की आत झिणझिण्या येत आहेत, गरम वाटते आहे, ताठल्यासारखे झाले आहे. बाहेरून काहीच दिसत नाही. लहान बाळ तो पाय टेकवत नाही, लंगडते, कपडे घालताना हात वळवला की रडते. ही खूण रक्तस्रावाची आहे असे धरून चालावे. मुलाने सांगितले आणि पुढे तपासात काही निघाले नाही, तरी त्याला रागावू नये; एकदा रागावलेले मूल पुढच्या वेळी सूज येईपर्यंत लपवते.

सांध्यात रक्त का राहू देऊ नये, हे समजले की घाई का करायची तेही समजते. सांध्याच्या आतले अस्तर ते रक्त शोषून घेते, रक्तातले लोह तिथे साचते, अस्तर सुजून जाड होते, त्यात नाजूक नव्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि त्या आणखी सहज फुटतात. त्यामुळे एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त येऊ लागते आणि हाडांच्या टोकांवरचे कूर्चेचे आवरण झिजते. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्त आले तर त्या सांध्याची स्वतंत्र तपासणी मागून घ्यावी.

खूण दिसताच मुलाला बसवावे, सांधा उशीवर आरामात ठेवावा आणि शक्य असेल तर दोन तासांच्या आत फॅक्टर द्यावा. बर्फाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवली तर दुखणे कमी होते, पण बर्फ फॅक्टरची जागा घेत नाही. क्रेप बँडेज हलके बांधावे आणि बोटे निळी पडत नाहीत ना हे पाहावे. सांधा चोळू नये, तेलाने मालिश करू नये, गरम शेक देऊ नये, ‘बसवून घेण्यासाठी’ कोणाकडे नेऊ नये. आजीच्या हाताची मालिश प्रेमाची असली तरी रक्त उतरत असलेल्या सांध्यावर ती घातकच ठरते, आणि हे आजीला मूल बरे असतानाच समजावून ठेवणे चांगले.

मात्रेचा हिशेब पालकांना माहीत असावा, म्हणजे अनोळखी रुग्णालयात विचारता येते. आठव्या फॅक्टरचे प्रति किलो १ युनिट दिले की रक्तातली पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणून २० किलो वजनाच्या मुलाची पातळी ४० टक्क्यांनी वाढवायची असेल तर २० गुणिले ४० आणि त्याचे निम्मे, म्हणजे ४०० युनिट लागतात. व्हायल ५०० युनिटची असेल तर ती उरवून टाकून देण्यापेक्षा पूर्ण देण्याची पद्धत आहे. नवव्या फॅक्टरचे प्रति किलो १ युनिट साधारण १ टक्का वाढवते, त्यामुळे तिथे निम्मे करायचे नसते. सांध्यासाठी किती टक्के गाठायचे आणि किती वेळा द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. आठवा फॅक्टर मोठ्यांमध्ये ८ ते १२ तासांत निम्मा होतो आणि लहान मुलांमध्ये आणखी लवकर, म्हणून कधी दुसरा डोस लागतो.

औषध मिसळताना हात साबणाने धुवावेत, व्हायल आणि पाणी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, पाणी कडेने हळू सोडावे आणि बाटली तळहातांत हलके फिरवावी. जोरात हलवली तर फेस येतो आणि औषध खराब होऊ शकते. मिसळलेले औषध शक्य तितक्या लवकर, फार तर तीन-चार तासांत वापरावे. व्हायलवरचा क्रमांक, तारीख, वेळ, सांधा आणि मात्रा वहीत लिहावी; पुढच्या भेटीत डॉक्टर सगळ्यात आधी ही वही मागतात.

मुलाच्या शिरा ही आयुष्यभराची ठेव आहे, म्हणून त्या जपून वापराव्यात. लहान मापाची बटरफ्लाय सुई घ्यावी, हाताच्या पाठीवरच्या शिरा आधी वापराव्यात, जागा आलटून पालटून घ्यावी आणि सुई काढल्यावर किमान पाच मिनिटे कापसाने सतत दाबून धरावे. मध्ये उचलून पाहू नये. मऊ चेंडू दाबण्याचा रोजचा व्यायाम शिरा ठळक होण्यास मदत करतो. सुई टोचण्याआधी मुलाने पुरेसे पाणी प्यायले असेल आणि हात कोमट पाण्यात बुडवलेला असेल तर शीर लवकर सापडते.

जिथे घरी थांबायचेच नाही

डोक्याला मार लागला तर मूल हसत-खेळत असले तरी आधी फॅक्टर आणि मग सीटी स्कॅन, हा क्रम आहे. स्कॅनचा अहवाल येईपर्यंत फॅक्टर रोखून धरणाऱ्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवून शांतपणे पण ठामपणे सांगावे. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, किंवा लहान बाळाचे एकसारखे किरकिरणे ही मेंदूतल्या रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात. मान किंवा जिभेखाली सूज आली तर श्वास अडू शकतो. पोटात दुखणे, काळी शौच, रक्ताची उलटी यांतही लगेच निघावे.

जांघेतल्या खोल स्नायूत रक्त उतरले तर मूल पाय पोटाशी ओढून झोपते, सरळ करू देत नाही, मांडीच्या पुढच्या भागाला बधिरता येते. उजव्या बाजूला असे झाले की ते अपेंडिक्ससारखे दिसते आणि फॅक्टर न देता शस्त्रक्रियेचा निर्णय होण्याचा धोका असतो. म्हणून हिमोफिलिया आहे हे दारातच सांगावे. पोटरी किंवा मनगटाच्या वरच्या भागात स्नायू टणक होऊन बोटे बधिर पडू लागली तर नस आणि रक्तवाहिनी दबत असते, आणि तिथेही तासांचा उशीर परवडत नाही.

लघवीत रक्त आले तर भरपूर पाणी द्यावे आणि डॉक्टरांना विचारावे, मात्र ट्रानेक्सॅमिक अॅसिड देऊ नये, कारण मूत्रमार्गात गुठळी अडकू शकते. तोंडातल्या किंवा हिरड्यांतल्या रक्तस्रावाला हेच औषध उत्तम चालते.

जिथे फॅक्टर मिळतच नाही तिथे ‘ए’ प्रकारात क्रायोप्रेसिपिटेट (क्रायो, प्लाझ्मापासून वेगळा केलेला घटक) आणि ‘बी’ प्रकारात ताजा गोठवलेला प्लाझ्मा हा रक्तपेढीतला तात्पुरता आधार आहे. क्रायोमध्ये नववा फॅक्टर नसतो, त्यामुळे ‘बी’ असलेल्या मुलाला तो देऊन उपयोग नाही.

कमरेतले इंजेक्शन आणि दुकानातली गोळी

आपल्याकडे ताप आला की कमरेत इंजेक्शन घेतल्याशिवाय समाधान होत नाही. हिमोफिलियाच्या मुलाला ते इंजेक्शन स्नायूत मोठी गाठ करू शकते. गावातल्या डॉक्टरांना हे आधी भेटून सांगावे. औषध तोंडाने किंवा शिरेतून देता येते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे प्लेटलेटचे काम मंदावतात. दुकानात पॅरासिटामॉल म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत यांपैकी एखादे मिसळलेले असते, म्हणून पाकिटावरचे घटक वाचावेत.

लसी मात्र टाळायच्या नसतात, सगळ्या वेळेवर घ्यायच्या असतात आणि हिपॅटायटिस ‘बी’ची तर नक्कीच. जी लस त्वचेखाली देता येते ती तशी द्यावी. स्नायूतच द्यावी लागली तर फॅक्टरचे संरक्षण असताना, सर्वांत बारीक सुईने आणि नंतर किमान दहा मिनिटे दाबून धरून द्यावी. दात येऊ लागल्यापासून मऊ ब्रश आणि सहा महिन्यांनी दंतवैद्य, हे पाळले तर दात काढण्याची वेळ क्वचित येते. आलीच तर रक्तविकारतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी एकमेकांशी बोलून तारीख ठरवावी.

रक्त येण्याआधीचे उपचार

तीव्र आजारात ठरावीक दिवशी नियमित फॅक्टर देऊन रक्तस्राव टाळणे, याला प्रोफिलॅक्सिस म्हणतात, आणि आज जगभर हीच अपेक्षित पद्धत आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा प्रति किलो १० ते १५ युनिट एवढ्या कमी मात्रेनेही सांध्यांतले रक्तस्राव बरेच घटतात. केंद्रात ‘लागेल तेव्हा या’ असे सांगितले गेले तर प्रोफिलॅक्सिसविषयी स्वतःहून विचारावे. माझ्या मते पालकाने डॉक्टरांना विचारायचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘ए’ प्रकारासाठी एमिसिझुमॅब हे त्वचेखाली देण्याचे औषध आता उपलब्ध आहे. ते आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी देता येते आणि शीर शोधावी लागत नाही. ते सुरू असताना एपीटीटी सामान्य दिसतो, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या आधारावर कोणी शस्त्रक्रिया करू नये.

तीव्र ‘ए’ असलेल्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत मुलांत शरीर फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. त्यांना इन्हिबिटर म्हणतात. बहुतेकदा पहिल्या ५० डोसच्या काळातच ते दिसतात. नेहमीच्या मात्रेने रक्त थांबत नसेल तर आधी हीच तपासणी मागावी. ‘बी’ प्रकारात इन्हिबिटर कमी जणांना होतात, पण त्यांच्यासोबत तीव्र अॅलर्जी येऊ शकते, म्हणून नवव्या फॅक्टरचे सुरुवातीचे १० ते २० डोस रुग्णालयातच द्यावेत.

शाळा, मैदान आणि वजन

काचेच्या भांड्यासारखे वाढवलेल्या मुलाचे स्नायू कमकुवत राहतात आणि कमकुवत स्नायूंचा सांधा अधिक वेळा रक्ताळतो. पोहणे, चालणे, हेल्मेट घालून सायकल, बॅडमिंटन ही त्याच्यासाठी चांगली आहेत. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग आणि दहीहंडीचा थर यांना मात्र नाही म्हणावे लागते, आणि ते म्हणताना पर्याय द्यावा. रक्तस्राव थांबल्यावर दुखणे गेले की फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सांधा हळूहळू हलवायला लावावा. महिनाभर प्लास्टरसारखा स्थिर ठेवला तर तो आखडतो. वजन आटोक्यात ठेवणे घोट्यांसाठी औषधाइतकेच मोलाचे आहे. मूल मोठे होऊन चाळिशीकडे गेल्यावर रक्तदाब नियमित मोजावा, कारण वाढलेला रक्तदाब आणि न गोठणारे रक्त एकत्र आले की मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो.

शाळेत वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या शिक्षकांना लेखी कळवावे: मार दिला जाऊ नये, लंगडताना दिसल्यास लगेच दूरध्वनी करावा, आणि उपचारांमुळे बुडालेल्या दिवसांचा अभ्यास द्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढता येते.

बहीण, मावशी आणि पुढचे मूल

हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या सर्व मुली वाहक, म्हणजे तो जनुकीय बदल पुढे नेऊ शकणाऱ्या, असतात आणि मुलग्यांना त्याच्याकडून आजार जात नाही. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलग्याला आजार असण्याची आणि प्रत्येक मुलीने वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मुलाच्या बहिणीची आणि मावशीची जनुकीय तपासणी लग्नाचा किंवा गरोदरपणाचा विषय निघण्याआधीच झालेली बरी. वाहक स्त्रियांपैकी काहींचा स्वतःचा फॅक्टरही कमी असतो आणि त्यांना बाळंतपणात जास्त रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे त्यांची पातळीही मोजावी.

पुढचे मूल हवे असेल तर कुटुंबातला नेमका जनुकीय बदल आधी शोधून ठेवावा लागतो. मग गरोदरपणाच्या ११ व्या-१२ व्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रांत अशा तपासणीला परवानगी देतो. ती करायची की नाही हा निर्णय त्या दोघांचा असतो. तपासणी न करता बाळंतपण होणार असेल तर ते मोठ्या रुग्णालयात व्हावे, व्हॅक्यूम आणि चिमटा वापरू नये असे केसपेपरवर लिहून घ्यावे, आणि नाळेतून रक्ताचा नमुना घेण्यास सांगावे. आठव्या फॅक्टरची कमतरता त्यात लगेच कळते. नववा फॅक्टर मात्र निरोगी बाळांतही जन्मतः कमी असतो, म्हणून सौम्य ‘बी’ची शंका असल्यास सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे, आणि निकाल येईपर्यंत बाळाला कोणतेही इंजेक्शन स्नायूत देण्याआधी डॉक्टरांना कुटुंबातल्या आजाराची माहिती द्यावी.